प्रवाळातली चेअरमनबाई

लक्षद्वीपच्या प्रवाळांमध्ये बुडी मारून मासे मोजणं हे माझं काम. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या गावात ते कुणाला पटेना. त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले तेव्हा गावात पाणी यायचं ते टँकरनं. शेजारणीनं विचारलं, दिवसभर पाण्यात डुंबायचा पगार कावून देतात. मी सांगितलं, डुंबायचा नाही, बाहेर निघावं म्हणून देतात. तिला ते लगेच पटलं.

गावच्या तलावावर बायकांची मच्छीमार सहकारी संस्था होती. तिची चेअरमन माझी काकू, पण फक्त कागदावर. सभेत खुर्चीवर बसायचे काका, बोलायचेही तेच. काकू समोर सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात.

तलाव आटत आटत भिंतीलगत एक डोह तेवढा उरला होता. काकांचं म्हणणं, जाळं टाकून सगळे मासे एकदम काढावेत आणि ढाब्यांना द्यावेत. काकूला वाटत होतं, रोहू-कटला काढावेत, पण मरळ राहू द्यावी. रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, दरवर्षी बाहेरून आणावंच लागतं. मरळ मात्र थोड्या पाण्यातही तग धरते, तोंड वर काढून हवा घेते आणि पाऊस पडला की तलावातच अंडी घालते. काकूचं बरोबर होतं. पण ढाब्यांना नेमकी मरळच हवी होती.

सभेच्या आदल्या दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं. शास्त्राच्या नावानं एवढंच सांग, की सगळे काढा. मी मान हलवली. कशाला हलवली ते सांगितलं नाही.

सभेत मी उभी राहिले आणि समुद्रातल्या एका केशरी माशाची गोष्ट सुरू केली. अंगावर पांढरे पट्टे, राहतो कुटुंब करून. त्यांच्यात सगळ्यात मोठी मादी, तीच चेअरमन. नवरा आकारानं लहान, तिच्या धाकात. फार पुढं पुढं करायला लागला तर ती त्याच्या अंगावर धावून जाते आणि त्याला मागं हटवते. बायकांचे पदर तोंडाशी गेले.

मागून एकीनं विचारलं, "आन ती मेली तर?"

"मग नवराच मादी होतो. आणि तिची जागा घेतो."

सगळ्या सभेनं काकांकडं पाहिलं. काका गंभीरपणे म्हणाले, "हे सरकारी हाय का?"

"नाही, निसर्गाचं आहे."

"मग हितं लागू न्हाई."

एवढ्यात काकू उठली. पदर खोचत खुर्चीपाशी गेली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आवं, उठा. मी जित्ती हाय अजून."

काकांनी इकडंतिकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि उठले. काकू बसली. रोहू-कटला विकायचे, मरळीला हात लावायचा नाही, असा ठराव तिनं मांडला आणि हात वर झाले. एवढ्यावर थांबली असती तर काकू कसली. डोहाची राखण तिनं काकांकडं दिली.

दोन दिवस काका तलावाकडं फिरकले नाहीत. मग छत्री घेऊन तलावाच्या भिंतीवर जाऊन बसू लागले. ढाब्यावरचा त्यांचा जुना दोस्त गळ घेऊन आला, तर त्यालाही त्यांनी हाकलून लावलं. चेअरमनचा हुकूम हाय, म्हणाले.

पाऊस उशिरा झाला, पण झाला. मी पुन्हा गावी गेले तेव्हा काका मला ओढतच तलावावर घेऊन गेले. काठच्या पाण्यात मरळीची तांबूस पिल्लं झुंबड करून फिरत होती, आणि खाली मोठी मरळ राखणीला. शेजारच्या गावची माणसंही पाहायला आली होती. काका त्यांना रंगवून सांगत होते, की मरळ ठेवायची कल्पना मूळची त्यांचीच, घरच्यांना लई समजवावं लागलं.

काकू माझ्या शेजारीच उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मला चिमटा काढला.

"बोलू दे," ती म्हणाली. "राखण फुकटात करतेत."