पत्ते वाटणाऱ्याचा सीन

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. बायको होती तोवर तिच्यापाशीही नाही निघाली. दोन-तीनदा अगदी जिभेवर आली होती — एकदा तर तिने स्वतःहून विचारलं होतं की तुमचं नंदूभावजींशी काही बिनसलंय का — आणि मी म्हणालो, छे. आता ती नाही. बोरिवलीच्या या खोलीत बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे.

मी तेव्हा एका सिनेमा वितरकाकडे नोकरीला होतो. रिप्रेझेंटेटिव्ह. नाव मोठं, काम साधं. आमचं पिक्चर लागलं की ठरवून दिलेल्या थिएटरात जायचं, तिकीटविक्रीवर नजर ठेवायची, आणि शुक्रवारी पहिल्या खेळाला लोकांमध्ये बसायचं. कुठे हसतात, कुठे शिट्ट्या पडतात, कुठे खुर्च्या वाजायला लागतात, ते ऐकायचं. इंटरव्हलमध्ये सामोसे खाणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं. मग मॅनेजरच्या केबिनमधून शेठना फोन. शेठ एकच विचारायचे, "पब्लिक क्या बोलती है?" आणि मी जे सांगेन त्यावर कधीकधी कात्री चालायची. हो, लागलेल्या पिक्चरवर! शुक्रवारी लांबलेलं पिक्चर शनिवारी आखूड झालेलं असायचं. लोकांना पत्ताही लागायचा नाही. शेठचा घाटकोपरवर फार भरवसा. घाटकोपर हसलं की सगळी मुंबई हसते, असं ते म्हणायचे. आणि घाटकोपरला मी होतो.

नंदू माझ्या समोरच्या खोलीतला. विक्रोळीला, चाळीत. त्याच्या दारातून माझं स्टोव्हवरचं भांडं दिसायचं, इतका समोर. आम्ही दोघं आधी एकाच कारखान्यात, आणि तिथल्या नाटकमंडळीतही होतो. मी नायक. नंदू चहाचा ट्रे घेऊन येणारा. वर्षानुवर्षं हेच. मग मी कारखाना सोडून वितरकाकडे आलो, पगार थोडा बरा म्हणून, आणि नंदूनेही सोडला — पण तो सिनेमात काम करायला. परमनंट नोकरी! गोरेगावच्या स्टुडिओत गर्दीत उभा राहायचा, कधी वेटर, कधी पंच. त्याचे वडील गिरणीतून रिटायर होऊन मालवणकडे गावी गेले होते. नंदूने नोकरी सोडल्याचं त्यांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. गावी गेला तरी त्याच्यापुढे ताट सरकवायचे, पण बोलायचे नाहीत.

आणि मग ते पिक्चर आलं.

आम्ही पोरं असताना एक जुनं ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर होतं, कॅसिनो लुटणाऱ्या टोळीचं. तेच पुन्हा, रंगीत, नव्या हिरोला घेऊन काढलं होतं. त्यात नंदूला भूमिका मिळाली. कॅसिनोत पत्ते वाटणारा म्हातारा. केस पांढरे करून. टेबलावर वेषांतर करून बसलेल्या चोराला तो ओळखतो. हाताशी घंटी आहे, दाबली की पोलीस. तो दाबत नाही. चोराकडे बघतो, आणि पुढचं पान वाटतो. बस, एवढंच. एकही डायलॉग नाही. जुन्या पिक्चरमध्ये तर हा सीनच नव्हता.

त्या सीनसाठी नंदू कित्येक महिने चाळीच्या गॅलरीत पत्ते वाटत बसला. आमच्या घरी जेवायला आला तरी हातात पत्त्यांचा जोड. बायको चिडवायची, भावजी, भाकरी वाटा आता जरा. शेजारचे म्हणायचे, नंद्या, पोलीस नेतील रे तुला एक दिवस. तो हसायचा. हात बघण्यासारखे झाले होते त्याचे, हे मी मान्य करतो.

पिक्चर लागायच्या आधी त्याने वडिलांना येण्यासाठी कळवलं. ते येतील असं त्याला वाटत नव्हतं. पण त्यांचा होकार आला — शनिवारी एसटीने येतो, रविवारी बघू. मला सांगताना नंदूचा आवाज नीट लागत नव्हता. म्हणाला, दिनू, मी आधी बघणार नाही. त्यांच्या शेजारी बसूनच पहिल्यांदा बघीन. तू शुक्रवारी बघशील, तर मला एक शब्द सांगू नकोस.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो. मला ठाऊक नव्हतं असं पुढे कुठेही समजू नका.

शुक्रवारी मी बाल्कनीत, कोपऱ्यात बसलो. लोकांना पिक्चर फारसं पटत नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात जुनं होतं ना! पुढच्या रांगेतला एक म्हातारा दर पाच मिनिटांनी बायकोला सांगत होता, जुन्यातला हिरो नुसती सिगारेट पेटवायचा तरी पैसे वसूल. तिजोरी दिसल्यावर कुणीतरी ओरडलं, अरे हे तर दुधाचं केंद्र! आणि सगळं थिएटर हसलं. इंटरव्हलमध्ये दोन पोरं वाद घालत होती की कॅसिनो म्हणजे नक्की काय, तर तिसरा म्हणाला, मटक्याचा अड्डा रे, फक्त एसी. एक गृहस्थ मात्र नव्याच्या बाजूने होते. म्हणत होते, जुनं ते सोनं म्हणून किती दिवस बसणार, यात निदान रंग तरी आहे.

मग इंटरव्हलनंतर तो सीन आला.

कसं सांगू? आधी खुर्च्यांचा आवाज बंद झाला. पुढच्या रांगेतला तो म्हातारा बायकोला काही सांगेना. पडद्यावर नंदूचे हात, मग नंदूचे डोळे. घंटीकडे जाणारं बोट. ते थांबलं. आणि त्याने पान वाटलं — तेव्हा खाली स्टॉलमधून टाळी आली. एक, मग दहा, मग सगळ्यांची. हिरोला नाही. नंदूला. माझ्या मागे बसलेल्या गुजराती भाईने शेजाऱ्याला विचारलं, "यह पत्तेवाला बुड्ढा कौन है? पूरी पिक्चर में यही एक आदमी है."

मला ती टाळी नकोशी झाली. मित्राच्या यशाने असं व्हायला हवं का? मी अंधारात बसून स्वतःला विचारत होतो — तू का नाही टाळी वाजवत? हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत. मला कारखान्याचं स्टेज दिसत होतं. मधोमध मी, आणि कडेला ट्रे घेऊन तो. त्या वर्षांत मला अशी टाळी कधी पडली होती? नव्हती. जी पडायची ती माझ्या खात्याच्या फोरमनने सुरू केलेली असायची.

केबिनमधून फोन लावला. शेठना पिक्चर लांब वाटतच होतं. कुठे ढिलं पडतं, त्यांनी विचारलं. खरं तर सुरुवातीचं पाच मिनिटांचं गाणं होतं, ते पडलं होतं साफ. मी म्हणालो, तो पत्तेवाल्याचा सीन. लोक बिडी ओढायला बाहेर जातात.

एवढंच वाक्य. तेही मी घाईघाईने बोललो, जणू मागे रांग लागली आहे.

शनिवारी सकाळी निरोप आला. सगळ्या प्रिंटमधून सीन काढायचा. घाटकोपरला तो काढताना मी प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या शेजारी उभा होतो. तो म्हणाला, साहेब, काल याला टाळ्या पडल्या होत्या. मी म्हणालो, शेठची ऑर्डर आहे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि कापलं.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ वर्षं वाटत होतं. मत्सर झाला, माणूस आहे, चुकलो — असं म्हणून मी रात्री कूस बदलायचो. पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. तिच्याजवळ यायला मला इतका वेळ लागतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

शनिवारी संध्याकाळी नंदूचे वडील आले. धुतलेलं धोतर, टोपी, पिशवीत कोकमं. मी समोरच्याच खोलीत. उठून चार पावलं गेलो असतो आणि म्हटलं असतं, नंदू, उद्या जाऊ नका, सीन उडवलाय — तर? नाही गेलो. रविवारी त्यांच्याबरोबर थिएटरात गेलो, कारण तिकिटं मीच काढून दिली होती. नंदू मध्ये, त्याच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मी.

इंटरव्हलनंतर नंदू सरसावून बसला. वडिलांच्या हातावर हात ठेवला. कॅसिनो आला, टेबल आलं, चोर येऊन बसला. आणि एकदम चोर पैसे घेऊन जिन्यावरून पळत होता. नंदूला आधी कळलंच नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पुढे घेतला असेल रे. मग शेवटपर्यंत तो पडद्याकडे तसाच बघत राहिला. पाटी आली. दिवे लागले.

बाहेर, पोस्टरखाली, वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. नंदू म्हणाला, "बाबा, होता माझा सीन. कापला असणार. दिनूने शुक्रवारी बघितलाय. दिनू, सांग ना यांना. होतो ना रे मी?"

दोघं माझ्याकडे बघत होते.

होता, म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग कापला का? कुणी? एवढीच भीती. नोकरीची नव्हे, शेठची नव्हे. त्या एका प्रश्नाची.

मी म्हणालो, "मी त्या वेळेला मॅनेजरच्या केबिनमध्ये होतो. माझा बघायचा राहिला."

वडिलांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला ते मालवणहून आले होते. मग हळूच नंदूला म्हणाले, "असांदे. पन खोटा कित्याक सांगलंस, झिला?"

रागाने नाही हो. रागावले असते तर नंदू भांडला तरी असता. खोटं कशाला सांगितलंस म्हणून अगदी मायेने विचारलं, लहान पोराला विचारावं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. पुढच्या वर्षी वारले. मुलगा नोकरी घालवून सिनेमाच्या थापा मारत फिरतो, असंच मनात घेऊन गेले.

नंदूने पुन्हा गोरेगावचं तोंड पाहिलं नाही. मुलुंडला एका औषधाच्या कंपनीत स्टोअरला लागला, अजून तिथेच आहे. त्या रविवारी रात्री तो माझ्याकडे आला होता. मला वाटलं, संपलं. तर म्हणाला, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला काय ठाऊक मी पडद्यावर कधी येणार ते, तुला तुझं काम होतं. माझी समजूत काढायला आला होता तो! मी त्याला पाणी दिलं. नंतर काही महिन्यांतच मी बोरिवलीला खोली घेतली. बायकोला सांगितलं, हवा चांगली आहे.

अजून गणपतीला त्याचं बोलावणं येतं. मी जातो, त्याच्या बायकोच्या हातचे मोदक खातो, परत येतो. सिनेमाची नोकरी सोडून दिली. आता घरोघरी व्हिडिओ आलाय. मध्यंतरी त्या पिक्चरची कॅसेट भाड्याने आणून एकट्याने बघितली. कापलेल्या प्रिंटवरूनच काढली आहे. टेबल, चोर, आणि एकदम जिना. त्या शुक्रवारी बसलेली माणसं कुठे आहेत, कोण आहेत, कुणास ठाऊक. नंदूने तर स्वतःला कधी बघितलंच नाही. त्याला अलीकडे असंही वाटतं म्हणे की तो सीन मुळात पिक्चरमध्ये घेतलाच नसेल. त्याच्या बायकोने सांगितलं मला. हसत सांगितलं.

तो सीन होता. मी बाल्कनीत होतो, केबिनमध्ये नव्हतो. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.