दादाची व्हॅन आणि बोअरिंगचं पाणी

दादाने सेकंडहँड व्हॅन घ्यायची ठरवली, तेव्हा ती पसंत करायला मला बरोबर नेलं. मी वाशिंदच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला, म्हणून मला यंत्रातलं कळतं असा गावाचा समज होता. माझाही होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कुणाला बघायचा असता, तर त्याने त्या दिवशी मुरबाडला यायचं होतं. मी टायरवर लाथ मारली, इंजिन चालू करून कान दिला, सायलेन्सरमागे उकिडवा बसून धूर हुंगला आणि म्हणालो, "गाडी चांगली हाय. घे."

दादाने घेतली. तोवर तो भिवंडीला एका गोदामावर वॉचमन होता आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. बारा-बारा तास खुर्चीवर बसून त्याचे पाय सुजायचे. व्हॅन चालली तर तो घरी राहणार होता. सकाळी किन्हवलीकडची माणसं आटगाव स्टेशनला सोडायची, दुपारी मुरबाडच्या बाजूचं एखादं भाडं मारायचं आणि संध्याकाळी घरी जेवायचं, एवढाच त्याचा बेत होता. त्यातलंही त्याला खरं कौतुक संध्याकाळच्या जेवणाचं.

गाडीने पहिल्याच महिन्यात रंग दाखवला. आधी क्लचप्लेट गेली. मग सेल्फ उचलेना, म्हणून पॅसेंजरच उतरून धक्का मारायचे आणि लोकल चुकली की दादालाच बोलायचे. सरकतं दार एकदा उघडलं की बंद होईना. ते दादाने सुतळीने बांधलं. त्यानंतर मागच्या चाकाचं बेअरिंग ओरडायला लागलं. शहापूरच्या मेकॅनिककडे दोन हजाराचं काम घेऊन जावं आणि साडेचार हजार देऊन यावं, कारण एक उघडलं की आत दुसरं गेलेलं दिसायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वहिनी म्हणायची, "ही गाडी नाय, सवत हाय माझी." पण म्हणतानाच ती दादाचं ताट वाढत असायची, त्यामुळे तो तक्रारीचा सूर काही खरा वाटायचा नाही.

गाडीचं पाणी मात्र माझ्याकडे होतं. दादाला इंजिनाची भीती वाटायची. सीट उचलून आत बघायचं म्हटलं की तो दोन पावलं मागे सरायचा. म्हणून रोज कामावर निघण्याआधी ऑइल बघायचं आणि रेडिएटरमध्ये पाणी भरायचं हे काम मी अंगावर घेतलं होतं. मेकॅनिकने पहिल्याच फेरीला मला बजावलं होतं की साधं पाणी घालू नका, ते हिरवं कूलंट मिळतं ते घाला. मी हसलो होतो. आमच्याकडे ट्रॅक्टर, टेम्पो, सगळ्यांना पाणीच घालतात. पैसे मोजून हिरवं पाणी आणणारा माणूस गावात येडा ठरला असता. "पान्यापरीस थंड काय असतं रे," असं मी दादाला म्हणालो आणि अंगणातल्या बोअरिंगचं पाणी कॅनमध्ये भरून गाडीला पाजत राहिलो.

तेच पाणी वहिनी चुलीवर अंघोळीला तापवायची. दर महिन्याला ती हंडा पालथा करून आतला पांढरा थर उलथण्याने खरवडायची आणि खपल्या अंगणात झटकायची. मी तिथेच दात घासत उभा असायचो. इतकं डोळ्यांसमोर असून मला एकदाही काही सुचलं नाही, याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

पावसाळा, हिवाळा गेला. दादा लोकांना सांगायचा, "गाडीचं सगळं बिघडलं, पर कदी गरम नाय झाली. माज्या भावाच्या हाताला गुन हाय." मला ते ऐकायला आवडायचं. मी मुद्दाम तिथे घुटमळायचो.

मे महिन्यात दादा मुरबाडहून एक भाडं घेऊन परत येत होता. वीटभट्टीचं काम संपवून आपल्या वाडीवर निघालेलं कुटुंब, त्यांची बोचकी आणि एक म्हातारा. अर्ध्या रस्त्यात म्हाताऱ्याला ऊन लागलं, डोळे फिरले, त्याची सून रडायला लागली. त्याच वेळी चढावर दादाला दिसलं की टेम्परेचरचा काटा वर चढतोय. सीटखालून धग लागत होती. थांबून इंजिन थंड करायचं म्हटलं तर अर्धा तास गेला असता. दादा थांबला नाही. त्याने म्हाताऱ्याला किन्हवलीच्या दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि तिथेच इंजिन जाम होऊन बंद पडलं. म्हाताऱ्याला सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी तो चालत वाडीवर गेला. गाडी मात्र दुसऱ्या गाडीला बांधून शहापूरला न्यावी लागली.

रविवारी मी एकटाच मेकॅनिककडे गेलो. त्याने रेडिएटर कापून ठेवला होता. आतल्या नळ्या पांढऱ्या-तांबड्या गाळाने भरल्या होत्या. बोटाने टोकरलं तर खपली निघाली, आणि ती मी लगेच ओळखली. "ह्यातून पानी फिरनार कुठून?" तो म्हणाला. "तुमच्या भावाची नाय चूक. कूलंट घातलं असतं, तर एवढ्याशा चढाला गाडी काय बी कुरकुरली नसती." इंजिनाचं हेड गेलं होतं, पिस्टन जाम झाले होते. त्याने चाळीस हजार सांगितले. तेवढ्याची तर आता ती गाडीही नव्हती. शेवटी ती भंगारात गेली.

घरी आलो. दादा ओट्यावर बसला होता. "काय म्हनला?"

"गरम झाली. हेड गेलं."

"म्हंजे मी थांबाया पायजे होतं."

 वहिनी दारात उभी होती, तीही ऐकत होती. तोंडाशी आलेलं वाक्य चार शब्दांचं होतं, पण मी चपला काढल्या, पाय धुतले आणि आत गेलो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की आता माझ्या हाताला गुण आहे असं कुणी म्हणणार नाही.

पुढच्या महिन्यात दादा पुन्हा भिवंडीला गेला. तेच गोदाम, तीच खुर्ची. येईल त्याला तो म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो आणि शेवटी म्हणतो, "मानूस वाचला, पर गाडी मी घालवली." मला वाढून झालं की वहिनी आता एकटीच जेवते.  खरं काय झालं ते तिला माहीतच नाही.

परवा दादाचा फोन आला. पायांची सूज चढलीय म्हणाला. मग म्हणाला, "थोडं साठलं की दुसरी घेऊ. बघाया तूच चल. आन पानी बी तूच भर. माज्या हातनं चूक झाली, तुज्या हाताला गुन हाय."

मी बरं म्हणालो.