सवतीचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्या बाईंना जिवंत माणसाचा हेवा कधी वाटला नाही. शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागो, नाहीतर धाकट्या बहिणीचा बंगला उठो, बाई ढिम्म! त्यांच्या पोटात दुखायचं ते एका मेलेल्या बाईमुळे, आणि तेही दर रविवारी दुपारी.

ती म्हणजे त्यांच्या नवऱ्याची पहिली बायको. नवरा चष्मे विकायचा, अगदी गरीब गाय. पहिलीच्या मागे राहिली होती एक मुलगी आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यातला एक जुनाट कॉम्प्युटर. लहानग्या लेकीला मनाने रचून गोष्टी सांगतानाचा तिचा आवाज त्यात साठवलेला होता. मुलगी आता कॉलेजात जायला लागली, तरी रविवारी जेवण झालं की ते ऐकत बसायची. बाई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकायच्या आणि जळायच्या. इतकी वर्षं हिचे डबे भरले, हिच्या तापात उशाशी बसलो, तरी आपण 'मावशी'च, आणि तीही 'तुम्ही' लावून! मेलेल्या सवतीशी भांडायचं तरी कसं? ती कधी चिडत नाही, कधी भाजी खारट करत नाही.

एक मात्र बरं होतं. कॉम्प्युटर म्हातारा, वरचेवर रुसायचा. मग मुलगी धावत यायची, "मावशी, बघता का जरा?" आणि खुर्ची ओढून शेजारी बसायची. बाई पंख्यातली धूळ काढत असताना कॉलेजातलं काहीबाही सांगायची. एरवी दोघींची गाडी 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नसे.

त्या रविवारी मात्र काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. सुरू व्हायला लागणारी सिस्टीमची फाईल सापडत नाही म्हणे.

"गेलं का सगळं?" मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी आधी एखादा पेनड्राइव्ह अडकून राहिलाय का ते पाहिलं. निम्म्या गिऱ्हाइकांची रड तिथेच मिटते. नव्हता. डिस्कची वायर काढून घट्ट बसवली. आतली बटणाएवढी बॅटरी बदलली, कारण ती संपली की कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेच मशीन विसरतं. तरी ओळ तीच. म्हणजे फाईल खरंच उडाली होती.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! 'फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल,' एवढं म्हटलं की झालं. आळशी दुरुस्तीवाले रोज ठोकून देतात, गिऱ्हाइकाला काय कळतंय? बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात दारातून नवरा म्हणाला, "तिचा आवाज तेवढा वाचव गं. त्यानं घर भरल्यासारखं वाटतं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आम्ही इथे काय घर रिकामं करतोय? "फॉरमॅट..." त्यांनी सुरुवात केली आणि मुलीने त्यांची बाही गच्च धरली. आजवर तिने आपणहून त्यांना हातही लावला नव्हता.

"...करायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "कपाट शाबूत आहे. नुसती किल्ली हरवलीय."

त्यांनी सिस्टीमची जुनी सीडी घातली आणि हरवलेली फाईल तिच्यावरून कॉपी करून जागेवर ठेवली. मशीन सुरू झालं. मुलीने घाईघाईने एक गोष्ट लावली. सवतीचा आवाज बाईंनी एक वेळ सोसला असता. पण मधेच ती लहानगी खदाखदा हसली. तसं हसू बाईंनी या घरात कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना त्यांना जेवढं लागलं तेवढं आजवर कशानेच लागलं नव्हतं.

डिस्क टिकटिक वाजत होती. पुढच्या वेळी ती दगा देणार, हे बाईंना कळत होतं. असंच चालू ठेवलं असतं, तर मुलगी पुन्हा खुर्ची ओढून बसली असती. अगदी जिवावर आलं, पण त्यांनी सगळ्या गोष्टी मुलीच्या मोबाईलवर चढवल्या.

"म्हणजे आता हा बंद पडला तरी चालेल?"

"चालेल."

"मग टाकूनच देऊ या हे धूड. खोलीत तेवढीच जागा होईल." कानात इअरफोन घालत मुलगी उठली.

हे वाक्य ऐकायला बाई वर्षानुवर्षं टपल्या होत्या.

"नको!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की नवरा दचकला. "अजून कुठे नीट झालाय? पुढच्या रविवारी दोघी मिळून बघू."

मुलगी तोवर आपल्या खोलीच्या दारापर्यंत पोचली होती. तिला काही ऐकू गेलं नाही.