बिनतंबाखूची खोली

सत्यभामा कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत धरत नसे, विड्यांत धरायची. पायलीभर तांदूळ म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतच्या विड्या. नवऱ्याचा सदरा म्हणजे दोन दिवसांच्या. बालाघाटच्या बाजारात भाजीवाल्यानं भाव सांगितला की पदराखाली तिची बोटं आपोआप वळू लागायची, आणि भाजीवाल्याला वाटायचं, बाई पैसे मोजते आहे. मोजायला पैसे आधी हातात यावे लागतात. तिचे पैसे सट्टेदाराच्या हातातच राहायचे.

सट्टेदार म्हणजे विडी कारखाना आणि मोहल्ल्यातल्या बाया यांच्या मधला माणूस. कारखान्याकडून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरोघर वाटायची, वळलेल्या विड्या गोळा करायच्या आणि हजारामागं मजुरी द्यायची, हे त्याचं काम. या मोहल्ल्याचा सट्टेदार होता शालिकराम. पांढरं धोतर, गोड जीभ, आणि विडी पारखायला बसला की सासूसारखी नजर. ही वाकडी, ही ढिली, हिचं तोंड उघडं असं म्हणत तो प्रत्येक हजारातल्या मूठ मूठ विड्या बाजूला टाकायचा. त्याला म्हणायचे छाट. छाटीची मजुरी मिळत नसे आणि छाट परतही मिळत नसे. शालिकरामच्या घरचे पाहुणे कधी विडीवाचून उठले नाहीत, एवढंच सांगतो.

सत्यभामा लग्न होऊन आली तेव्हा तिला विडी वळता येत नव्हती. तिचं माहेर गोंदियाकडचं, शेतकऱ्याचं. छप्पन्न साली राज्यांची वाटणी झाली आणि माहेर एका राज्यात गेलं, सासर दुसऱ्यात राहिलं. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण छोट्या लाइनची गाडी तीच होती आणि तिकीटही तेच. नवरा तेजराम स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होता. एका पावसाळ्यात धानाची पोती उतरवताना थप्पी त्याच्या पायावर कोसळली. तो महिनोन्महिने खाटेवर पडून राहिला, तेव्हा सत्यभामा शेजारणींकडून विडी वळायला शिकली आणि तिनं शालिकरामकडून पहिली उचल घेतली. उचल म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम. तेजराम उठून लंगडत पुन्हा धक्क्यावर जाऊ लागला, पण उचल काही उठली नाही. दर हप्त्याला मजुरीतून थोडी कापली जायची आणि दर सणाला थोडी वाढायची.

घर एकाच खोलीचं. त्याच खोलीत चूल, तिथंच भिजवलेल्या पानांची ओली गोणपाटं, आणि तिथंच सूप मांडीवर घेऊन सत्यभामा बसायची. तंबाखूची भुकटी हंड्यावर, कवेलूंच्या छपराच्या वाशांवर, कमलाच्या केसांत. कमला ही तिची एकुलती पोर. तिला खोकला होता. साधा नव्हे, एकदा लागला की पोर निळी पडायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध दिलं आणि वर हेही सांगितलं की हिला तंबाखूपासून दूर ठेवा. विडीवालीच्या पोरीला तंबाखूपासून दूर कसं ठेवायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा सत्यभामानं ठरवलं की पूर्वेच्या अंगाला एक खोली काढायची. मातीच्या भिंती, वर कवेलू, एक खिडकी, आणि आत तंबाखूचा कण येऊ द्यायचा नाही. तेजरामचं म्हणणं, आधी उचल फेडू, मग खोली. तिचं म्हणणं, उचल फिटेपर्यंत पोर राहील का? शेवटी तिनं आपल्या मनानं वाटणी केली. दुपारपर्यंतच्या विड्या पोटाच्या आणि उचलीच्या, त्यानंतर दिवेलागणीपर्यंतच्या खोलीच्या. चहा बंद केला. सणाला लुगडं घ्यायचं बंद केलं. तेजरामची तंबाखू बंद केली, आणि विडीवालीच्या नवऱ्यावर तंबाखूसाठी शेजाऱ्यांपुढं हात पसरायची पाळी आली. तो चार दिवस रुसून बसला होता.

सगळ्यात आधी तिनं चौकट घेतली. लालबर्ऱ्याला कोणाचं तरी जुनं घर पाडत होते, तिथली सागाची चौकट स्वस्तात मिळाली म्हणून. भिंतीचा पत्ता नाही आणि चौकट अंगणात टेकून उभी. कोंबड्या तिच्यातून जायच्या यायच्या. कमला तिच्या आत उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायची, या, बसा. शेजारची तुळसाबाई चिडवायची की सत्यभामाचं दार आलं, आता घर कधी येते. सत्यभामा हसायची. दोन पावसाळे चौकट तशीच भिजली.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात कमलाचा खोकला वाढला, आणि नेमका तेव्हा शालिकराम विड्या घ्यायला आला असताना अंगणात थांबला. चौकटीवर हात फिरवून लाकूड चांगलं आहे म्हणाला.

"बाई, पोरीच्या खोकल्याले उचल फिटायची वाट पाहाले सांगता का?" तो म्हणाला. "पाणी पडाच्या आधी खोली उभी करून टाका. पैसे मी देतो. तुम्ही कुठं पळून जाऊन राह्यल्या?"

तेजरामनं ऐकलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. एक पाय गाळात आहे, आता दुसराही घालायचा का, असं त्यानं विचारलं. त्याचं खरं होतं. पण त्याच वेळी कमलाला ढास लागली. सत्यभामानं उचल घेतली.

खोली झाली. मोठी देखणी झाली हो. छुईच्या पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, खाली शेणानं सारवलं, खिडकीतून सकाळचं ऊन थेट कमलाच्या खाटेवर पडेल असं बघितलं. सत्यभामा दिवसातून दहादा काम टाकून आत जायची आणि नुसता श्वास घ्यायची. अक्षय तृतीयेला घरभरणी करायची ठरली.

तिच्या माहेरी रीत होती. ज्यावर आपलं पोट चालतं ते नव्या घरात पहिल्यांदा न्यायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, आणि जे असं आत गेलं ते वर्ष पालटेपर्यंत बाहेर काढायचं नाही. शेतकऱ्याच्या घरी ते बियाण्याचं टोपलं असायचं. सत्यभामानं कैची ठेवायचं ठरवलं होतं, पानं कापायची, घासूनपुसून स्वच्छ केलेली. कैचीला तंबाखू लागत नाही म्हणून. एवढा विचार केला होता तिनं.

आणि त्या दिवशी शालिकराम बैलगाडी घेऊन आला. गाडीवर पानांचं एक पोतं आणि तंबाखूचं एक. तुमच्या घरभरणीला मी रिकाम्या हातानं कसा येऊ, म्हणाला. पोटाची लक्ष्मी आणली आहे, असं म्हणून गाडीवानाकडून दोन्ही पोती त्यानं थेट नव्या खोलीत ठेवली. मोहल्ल्यातल्या बाया जमलेल्या, गूळ वाटणं चाललेलं, सगळ्यांच्या नजरा सत्यभामावर. दारात आलेल्या पोटाला नाही कसं म्हणायचं? तिनं हळदकुंकवाचं ताट घेतलं आणि स्वतःच्या बोटानं दोन्ही पोत्यांना कुंकू लावलं. कैची पदरात तशीच राहिली.

आठ दिवसांत आणखी पोती आली. तेंदूच्या तोडणीचे दिवस, पाऊस तोंडावर, शालिकरामचं गोदाम गळकं, आणि मोहल्ल्यात नव्या कवेलूंची कोरडी खोली एकच. आता लक्षात आलं ना, त्याचा हात चौकटीवरून इतक्या मायेनं का फिरला होता ते? सत्यभामाच्याही लक्षात आलं. ती त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पोती उचला, सट्टेदार. ते खोली मी पोरीसाठी बांधली."

"उचलतो ना," शालिकराम म्हणाला. "पण बाई, पोत्याले कुंकू कोणं लावलं? मी का तुम्ही?"

पुढं त्यानं गोड आवाजात समजावलं. खोलीचं भाडं तो उचलीत वळतं करील. नाही पटत, तर सगळी उचल एकदम आणून द्यावी आणि खुशाल दुसऱ्या सट्टेदाराकडं जावं. एकाची उचल अंगावर असलेल्या बाईला दुसरा सट्टेदार पान देत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. तेजरामला भाड्याची गोष्ट पटली. खोलीच उचल फेडते आहे म्हटल्यावर वाईट काय, असं त्याला वाटलं. सत्यभामा रात्रंदिवस त्याच गोष्टीचा विचार करत राहिली आणि तिला दुसरी वाट दिसली नाही.

मग मोहल्ल्यातल्या बाया पानं न्यायला तिच्याच दारी येऊ लागल्या. तराजू आला. तंबाखू मोजताना उडायची ती दोन्ही खोल्यांत पसरायची. पहिल्याच पावसाळ्यात कमलाचा श्वास असा अडकला की तेजरामनं तिला पाठीवर घेतलं आणि लंगडत स्टेशन गाठलं. गोंदियाकडं मामाच्या घरी नेऊन सोडलं. तिथं शेत होतं, गाई होत्या, तंबाखू नव्हती. पंधरा दिवसांत पोर सुधारल्याचा निरोप आला. तिला तिथंच ठेवावं, असंही त्या निरोपात होतं. सत्यभामानं हो म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी तिच्या छाटीत रोजच्या दुप्पट विड्या निघाल्या.

वर्ष पालटलं, रीत संपली, पण उचल संपली नव्हती. आणखी वर्षं पालटली. कमला दिवाळीला यायची, दोन दिवस अंगणात झोपायची आणि खोकला सुरू व्हायच्या आत परत जायची. दर वेळी उंच झालेली, दर वेळी थोडी पाहुणी झालेली. सत्यभामानं शालिकरामशी भांडणं सोडून दिलं. फक्त वळायची. वळणं काहून थांबवू, एवढंच ती तुळसाबाईला म्हणाली होती, माझी पोर त्या पोत्यांखाली दबली हाये.

शेवटी उचल फिटली. खरोखर फिटली. शालिकरामनं पोती हलवली, कुंकवाची दोन्ही पोती तर केव्हाच रिकामी होऊन गेली होती. सत्यभामानं खोली आतून खरवडली. जमीन उकरून नवी माती भरली, भिंतींना पुन्हा पुन्हा छुई दिली, कवेलू उतरवून धुतले. लोक म्हणाले, बाई येडी झाली. महिनाभर खिडकी उघडी ठेवली. विड्या वळायला आता मागच्या अंगणात, झाडाखाली बसायची. वळणं सुटलं नव्हतं, दुसरं येत काय होतं तिला? पण आता आपल्या मर्जीनं वळते, असं ती सगळ्यांना सांगायची. मग तिनं तेजरामला पोरीला आणायला पाठवलं.

कमला आली. सोळा वर्षांची, लांब केसांची. त्या चौकटीतून आत गेली, खाटेवर आडवी झाली आणि दुपारभर झोपली. एकदाही खोकली नाही. सत्यभामा बाहेर अंगणात बसून ती शांतता ऐकत होती. इतकं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं.

संध्याकाळी तिनं राखेनं हात घासले, मग साबणानं, मग बेसनानं. तेलाची वाटी आणि फणी घेऊन ती आत गेली आणि पोरीच्या मागं बसली. इतक्या वर्षांनी वेणी घालायची होती. पहिली बट हातात घेतली आणि कमलाला ठसका लागला. पाणी दिलं. पुन्हा फणी लावली, पुन्हा ढास. कमला डोळे पुसत म्हणाली, काही नाही आई, तेल नाकात गेलं. पण पोरीनं नकळत मान बाजूला केली होती, आईच्या हातांपासून दूर.

सत्यभामानं आपली बोटं नाकाशी नेली. मग ती उठली, वाटी आणि फणी चौकटीशी ठेवली आणि बाहेर येऊन बसली. तेजराम धक्क्यावरून नुकताच आला होता.

"कमलाचे बाबूजी," ती म्हणाली, "हात धुवा अन् पोरीची वेणी घाला."

त्याला वेणी कुठं येत होती? तो पोरीच्या मागं बसला, जाड बोटांत केस अडकवून घेतले. सत्यभामा चौकटीबाहेरून सांगत राहिली, आता उजवी बट मधल्यावर घ्या, आता डावी, अन् जास्त ओढू नका, तिले दुखते.