पौर्णिमेच्या संध्याकाळची सुई

ये गं, अशी जवळ सरक. लांबून मान हलवू नकोस. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घेतलीस आणि नुसत्या चहावर एस्टी धरलीस, व्हय ना? बारामतीच्या कॉलेजात शिकतीस, आणि एवढी अक्कल न्हाय? तुझ्या आजोबांचं काय झालं होतं ते आज सगळं सांगते. मधेच उठायचं नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आपण लासुर्ण्यात राहायचो, आजोबा शाळेत मास्तर. साखरेनं आधी त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, मग अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. आपल्या घरचे डॉक्टर, माझ्या बाळंतपणापासून सासूबाईंच्या दम्यापर्यंत सगळं बघणारे. त्यांनी गोळ्या थांबवून दोन वेळची सुई लावली आणि दम भरला, "मास्तर, आभाळ कोसळलं तरी सुई चुकवायची नाही. चुकवलीत तर पाय जाईल." सुईनंतर अर्ध्या तासात जेवायचं, हेही ते बोलले होते. पण पाय जाईल म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय! घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं, साखर म्हणजे जहर.

आजोबांचा दुसराही एक नेम होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून अष्टशील, म्हणजे आठ नेमांचं व्रत घ्यायचे. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. त्या पौर्णिमेलाही तेच केलं, आणि बुद्धविहारात निघायच्या आधी संध्याकाळची सुईही घेतली. दोन्ही नेम पाळले. झालं.

विहारात ग्रंथ वाचायला बसले. ओळी सुटायला लागल्या, सदरा घामानं चिंब. मी म्हटलं, "अहो, पाणी घ्या." तर ही बाई कोण, असं माझ्याकडं बघितलं. सासूबाई उठल्या, खांद्यावर हात ठेवला, "बाळा, काय होतंय रं?" ज्या माणसानं शाळेत कधी छडी उगारली नाही, त्यानं आईच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडला. पांढऱ्या लुगड्यावर रक्ताची धार. मग मेणबत्तीचं पितळी स्टँड भिरकावलं, ते एकाच्या कपाळात बसलं. मी धरायला गेले तर मनगटाला असे चावले, की कातडी लोंबायला लागली.

आजोबांनी गावात कितीतरी जणांची दारू सोडवली होती. त्यातलाच एक ओरडला, "बगा, बगा! आमाला शील शिकिवतंय आन सोता ढोसून आलंय!"

"प्यायले न्हाईत ओ, त्यांला साखर हाय!"

"साखरंनं आईला मारत्यात व्हय, वैनी?"

तेवढ्यात माझे दीर, आजोबांचे धाकटे भाऊ, बांबू घेऊन आले. त्यांनी आईचं रक्त बघितलं होतं. भावाच्या खांद्यावर असा घाव घातला, की हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तरी आजोबा उठायला बघत होते. चौघांनी पाडून बैलाच्या दाव्यानं बांधलं. दीर लाथा घालतच होते, "आईवर हात टाकतूस? आज तुला जित्ता सोडत न्हाय!"

कुणीतरी स्कूटरवरून डॉक्टरांना आणलं. त्यांनी वाकून तोंडाचा वास घेतला. "दारू कुणी म्हटलं? मास्तर संध्याकाळी काय जेवलेत?"

"आज पौर्णिमा न्हवं का, सायेब," मी म्हटलं.

"आणि सुई?"

"घेतली की."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "साखर पार उतरलीय. मेंदूला पुरत नाही. धरा घट्ट, आत्ता शिरेतून ग्लुकोज, म्हणजे साखरच, दिली नाही तर हातचे जातील."

साखरेचं नाव ऐकलं आणि सासूबाईंनी रक्ताळल्या तोंडानं डॉक्टरांवर झेप घेतली. "माज्या लेकराला जहर टोचायचं न्हाय! मारलंय तेवढं बास!" डॉक्टरांचा हात ओरबाडला, सुई वाकली, आजोबांच्या दंडावर रक्ताची चिळकांडी. मी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. त्या मला बुक्क्या घालत होत्या. दीर भावाच्या छातीवर बसले, तेव्हा कुठं शीर सापडली.

औषध आत जाता जाता आजोबांचे हातपाय सैल पडले. नजर माणसात आली. "मला कुणी बांधलं?" मग समोर बघून, "आई, तुजं तोंड कुणी फोडलं?"

सासूबाई म्हणाल्या, "उंबऱ्याला ठेचकाळले रं."

छातीवरचे दीर तिथंच हुंदके द्यायला लागले, आणि आजोबांना कळलं.

हाड जुळलं, पण तो हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पुन्हा पोचला नाही. पुढच्या पौर्णिमेला ते विहारात उभे राहिले. "मी माझ्या आईला मारलं. दारूनं नव्हे. सुई घेऊन उपाशी राहिलो म्हणून. ज्याला सुई हाय, त्यानं उपास धरायच्या आधी डॉक्टरला विचारावं." ओरडणारा खाली मान घालून ऐकत होता.

आता माझं काम ऐक. ते दीर, तुझे चुलत आजोबा, थकलेत, निरवांगीच्या मळ्यात असतात. त्यांनाही सुई सांगितलीय, आणि ते घेत नाहीत. म्हणतात, "वैनी, त्या सुईनं माज्या देवासारख्या भावाचं काय केलं ते मी बगितलंय. मी कुणाचं तोंड फोडू?" पायाचं बोट काळं पडायला लागलंय, पोरी. माझं ऐकत नाहीत. तू त्यांच्यासमोर सुई घे, त्यांच्याच ताटात जेव, आणि दिवसभर हसत बस. या रविवारीच माझ्याबरोबर निरवांगीला चल. उशीर करू नकोस.