ढवळ्याची सुट्टी

यंत्रानं वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, सांगा पाहू?

उत्तराची घाई नको. आधी ढवळ्याला भेटा. भर समुद्रात, तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर तो पॉलिमरची पांढरी पूड पाण्यात ढवळायचा, म्हणून हे नाव. त्या पुडीनं पाणी घट्ट होतं, आणि समुद्राखालच्या खडकात सोडलं की तिथं चिकटून बसलेलं तेल पुढे रेटतं. पण पूड भारी नखरेल! वरून फुगते, आत कोरडीच. विरघळायला तासन्‌तास. घाई केली की गुठळ्या, आणि गुठळ्यांनी खडकाची तोंडं बुजली की सगळं मुसळ केरात. म्हणून टाकीवर दोघं, तो आणि त्याचा जोडीदार. एक घरी गेला की दुसरा सांभाळायचा.

मग फुगलेले कण चिरडणारं यंत्र आलं. तासांचं काम मिनिटांवर. चाचणीला ढवळ्यानं पूड अशी अलगद सोडली, जणू तान्ह्याला न्हाऊ घालतोय. लेक नर्सिंग शिकायला दूर निघाली होती. उद्याच्या बोटीनं पोचला, तर तिची ट्रंक तोच गाडीत चढवणार होता. काम लवकर उरकलं की लवकर सोडतील, एवढंच त्याच्या डोक्यात.

गाळणीतून पाणी सरसर उतरलं. एक गुठळी नाही. साहेबानं पाठ थोपटली.

"जिंकलास गड्या! आता टाकीवर एकच माणूस पुरे."

"मग मी उद्या निघतो, साहेब."

"तू? अरे, तुझा हात बसलाय यावर. जोडीदाराला कायमचं किनाऱ्यावर पाठवतोय. तुझ्या बदलीला कोणी मिळालं की बघू."

दुसऱ्या दिवशी जोडीदार पिशवी घेऊन जिन्याशी घुटमळला. "शिव्या घाल हवं तर, पण असा गप्प नको राहू."

"तुला शिव्या घालून बोट थांबणारे का? ट्रंक तेवढी चढवून दे. जड आहे. तिच्या आईनं अख्खं घर कोंबलंय तिच्यात."

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, बोट सुटली?"

"सुटली."

"मग बोटीवरूनच बोलताय ना?"

"नाही गं."

ती हसली, अगदी आईसारखी; ओठ चावला असणार. "बरंच झालं. तुम्ही आला असतात, तर मी गाडीत चढलेच नसते."

"तेही खरंच," तो म्हणाला. फोन बंद झाला तरी कानाशीच धरून उभा राहिला. किनारा तिथून दिसत नाही. तरी ढवळ्या अजून तिकडेच तोंड करून जेवायला बसतो.

तुमच्याकडे नवं यंत्र बसलं तर टाळ्या वाजवा, माझी ना नाही. पण टाळ्या थांबल्या की साहेबाला विचारा, यंत्रावरच्या या गड्याच्या बदलीचा माणूस कुठाय? लाजू नका. सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा.