तळहाताएवढी उघडी जागा

एकोणीसशे एक्क्याण्णव साल, मी बावन्न वर्षांचा. हाताच्या पाठीला लागणारी ती ऊब आधी सांगतो, कारण माझा राग तिच्यापासूनच सुरू होतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा कॉलम, म्हणजे द्रव उकळून वेगळे करायचा लोखंडी मनोरा, उभा होता, आजूबाजूच्या इमारतींना मान वर करायला लावील असा उंच. अंगभर ताप अडवणारं ग्लासवूल, वर चकाकता पत्रा. त्या पत्र्यात, वरच्या प्लॅटफॉर्मपाशी, मी तळहाताएवढी जागा उघडी ठेवलेली. पाळीवर आलो की शिडी चढायची आणि तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी हाताची पाठ त्या लोखंडाला क्षणभर लावायची. आत व्हॅक्यूम, माल कमी उष्णतेतच उकळायचा, म्हणून चटका बसायचा नाही. नुसती ऊब. हिवाळ्याच्या सकाळी खाडीकडून धुकं चढत असताना ती ऊब माझ्या कोपरापर्यंत यायची. देवळात गेल्यावर कुणाला असं होतं का? मला नाही झालं कधी.

आम्ही तिथे करायचो काय? दोन द्रव वेगळे करायचो. दिसायला दोन्ही पाण्यासारखे, वास सारखा, आणि उकळायचेही जवळजवळ एकाच तापाला. सख्खे जुळे! तापवलं की हलका वर निघतो, पण जड त्याचा हात धरून मागोमाग येतो. मग वर पोचलेल्यातला बराचसा गार करून पुन्हा खाली सोडायचा, त्याला रिफ्लक्स म्हणतात, आणि पुन्हा चढवायचा. पायरीपायरीवर थोडं सुटतं, थोडं चिकटतं. केवढा संयम आहे त्यात! वर गेलेल्यानं खाली उतरावं, पुन्हा तापावं, पुन्हा चढावं, तेव्हा कुठे तो शुद्ध होतो. माणसांत कुठे आहे हो हा रिफ्लक्स? आमच्या हापिसात जो एकदा वरच्या मजल्यावर गेला, तो प्लांटात परत उतरलेला मी पाहिला नाही.

पण या चढण्याउतरण्याला वाफ लागते, बेसुमार. बॉयलर अष्टौप्रहर धापा टाकायचा, आणि त्याची सगळी उष्णता शेवटी पाण्यात जाऊन कूलिंग टॉवरवरून आभाळात. शीळ रस्त्यावरून तो पांढरा लोट दिसायचा. मी बायकोला दाखवायचो, तो बघ आपला. आपला म्हणे!

मग ठाण्याहून शुभदा मॅडम आल्या. केमिकल इंजिनीयर, वयानं माझ्या थोरल्या लेकीहूनही लहान. त्यांनी जुन्याशेजारी नवा कॉलम उभा केला आणि नव्याच्या डोक्यावरची वाफ आमच्या जुन्याच्या पायाशी आणली. एका आगीवर दोन चुली! मला वाटलेलं, चार दिवसांत बोंब होईल. नाही झाली. झकास चाललं. बॉयलरची वाफ निम्म्यावर आली, माल पूर्वीइतकाच चोख. खोटं मी लिहिणार नाही. पण खरं कबूल केल्यानं राग उतरतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? हरलेल्या माणसाला निदान समोरचा चुकला एवढा तरी आधार असतो. मला तोही मिळाला नाही.

एका दुपारी मॅडम शिडी चढून वर आल्या. मागे फिटर गजानन, आमच्याच पाळीचा आगरी गडी. त्यांची नजर माझ्या जागेवर गेली.

"काका, हे उघडं कुणी ठेवलं?"

"मी."

"इथून ताप वाया जातो. तो वाचवायलाच तर हा सगळा खटाटोप."

"एवढ्याशा जागेतून?"

"एवढ्याएवढ्याशातूनच जातो, काका." हसून त्यांनी गजाननला खूण केली. तो ग्लासवूल कोंबत म्हणाला, "दादूस, पोरीला सासरी धाडली असं समज."

पत्रा बसला. मी शिडी दणाणवत खाली उतरलो.

खाली मॅनेजरसाहेब उभेच होते. "तुम्ही आता गेटवर बसा. सावलीत खुर्ची, डोक्यावर पंखा, पगार तोच."

"आणि माझा कॉलम?"

"तो आता कंट्रोल रूमच्या बोर्डावरून चालतो. तिथे सगळं इंग्रजी. तुम्ही चौथी शिकलेले, उगाच हट्ट कशाला?"

मायेनं बोलला हो माणूस! तेच तर झोंबलं. शिवी दिली असती तर शिवी परत करता आली असती. दया कुणाला, कशी परत करायची? एवढी वर्षं ज्याच्या अंगाखांद्यावर चढलो, उतरलो, त्याच्यापासून मला काढून खुर्चीत ठेवायचं, वर पंखा लावायचा, आणि मी हात जोडायचे?

घरी मी ताट सारलं. बायको म्हणाली, "बसा की गेटवर. जन्मभर उभेच राहिलात."

"उभा राहिलो म्हणूनच बसणार नाही."

"मग त्या इंजिनीयर पोरीकडून शिका काय ते. इथे धुमसू नका. घर म्हणजे काय बॉयलर आहे?"

मी अधिकच संतापलो. गॅलरीत जाऊन बसलो आणि मनात त्या जड द्रवाचा विचार घोळू लागला. तळाशी राहतो म्हणून त्याला सगळे उरलासुरला समजतात. पण पुरेसा ताप मिळाला तर तोही चढतो की! मी जड असेन, कबूल. ताप माझ्यात कमी होता का? इतका होता, की नुसता आभाळात सोडून द्यायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या खुर्चीला वळसा घालून मी सरळ कंट्रोल रूममध्ये गेलो. शुभदा मॅडमच्या शेजारी स्टूल ओढलं, बोर्डावरच्या पहिल्या मीटरच्या काट्याखाली बोट ठेवलं, आणि कालच्याच रागानं म्हणालो, "हं. हे काय लिहिलंय, मोठ्यानं वाचा."